डावखुरा

मुहर्रकला, मासळीबाजाराच्या मागे,
अबू खमीसच्या छापखान्यात
माझं काम एवढंच: पान उलटं करायचं.
स्पेनहून फिल्म यायची, डावीकडून वाचायची,
इथली पोरं वाचतात उजवीकडून.
म्हणून मी फिल्म पालथी घालायचो काचेवर
आणि कप्तान सालेदोच्या उजव्या गालावरचा वण
डाव्या गालावर जायचा,
तलवार डाव्या हातात,
घड्याळ मागे चालायचं.
कुणाची तक्रार आली नाही.

बारीक ब्रशने बायकांना बाह्या लावायच्या,
दारूच्या पेल्यात सरबत,
दोन ओठांच्या मध्ये एक डोलकाठी.
उस्ताद मुतवक्किल, सुदानचे,
फुग्यांत अरबी भरायचे चष्मा कपाळावर सारून.
लेखकाचं नाव पहिल्या पानावर, मुगाएवढं.
आन्सेल्मो बेरनाल.
मला वाटायचं, मेला असेल.

तो आला, पत्र्याची पेटी घेऊन,
अकरा वर्षांचे पैसे मागायला.
तिकडे त्याचं मासिक बंद पडलेलं,
घराखालचा पेपरवालाही नाव विसरलेला.
इथे गल्लीतली पोरं मागे लागली:
सालेदो, सालेदो!
अबू खमीसने पैसे नाही दिले.
खजूर दिले, एसीची खोली, टेबल.
म्हणाला, नवीन लिही.

माझं नाव विचारलं. केरबा.
त्याने ऐकलं येर्बा. म्हणाला, आमच्यात म्हणजे गवत.
मी सांगितलं, आधीची तीन गेली,
म्हणून आईने मला केरात टाकून उचललं.
मुतवक्किलनी अरबीत, मग फ्रेंचमध्ये, कसंबसं पोचवलं.
तो म्हणाला, बरोबर आहे,
केरावर गवतच उगवतं.

मग त्याने छापलेलं पुस्तक उघडलं.
बराच वेळ डाव्या हातातली तलवार बघत राहिला.
मला वाटलं, आता बोलणी खायची.
त्याने पेन उजव्या हातातून डाव्यात घेतलं
आणि स्वतःचं नाव लिहिलं,
पहिलीतल्या पोरासारखं, ओळ सोडून.
डाव्या हाताची बोटं दाखवली, सांध्यांवर पांढरे डाग:
शाळेतला पाद्री, लाकडी पट्टी.
सुर्दो, म्हणाला.
मी म्हटलं, डावखुरा.
त्याला ळ नसलेला एक तरी मराठी शब्द
नीट म्हणता आला.

सहा पुस्तकं लिहिली त्याने तिथे,
सगळी उजवीकडून डावीकडे.
चित्रं काढायला फिलिपिनी पोरगा, रोमेल,
संध्याकाळी हॉटेलात गिटार वाजवणारा.
कप्तान हळूहळू म्हातारा झाला.
पाचव्यात गुडघे दुखू लागले.
सहाव्यात तो मोत्यांच्या बंदरात उतरतो
आणि अख्खं पुस्तक जाळं शिवत बसतो.
अबू खमीस ओरडला, मारामारी कुठंय?
गठ्ठे परत आले, भिंतीला लागून राहिले,
आम्ही त्यांवर बसून चहा प्यायचो.
जाळ्याच्या गाठींत मी एका जागी
माझं नाव घातलं होतं, देवनागरीत.
रोमेलला माहीत होतं. बाकी कुणाला नाही.

त्या ऑगस्टात कागदाचं जहाज आलंच नाही.
सगळे रेडिओला चिकटलेले.
म्हातारा ज्या विमानाने गेला
त्याचा आवाज आम्ही छतावरून ऐकला.
पैसे अर्धेच मिळाले असावेत.
पेटी माझ्याकडे ठेवून गेला, रिकामी.
त्यात आता माझा रेशनचा तांदूळ असतो.

परवा इचलकरंजीच्या पत्त्यावर पार्सल आलं.
तिकडे कुणीतरी ती सहाही छापली, जाड पुठ्ठ्यात,
लेखकाचं नाव या वेळी लिंबाएवढं, खाली दोन सालं.
माझ्यासारख्याच कुणीतरी, तिकडच्या कुणीतरी,
फिल्म पुन्हा पालथी घातली असणार,
वाचायच्या सोयीसाठी.
कप्तान उजव्या हाताने जाळं शिवतोय.
गाठींत माझं नाव उलटं.
उलटं वाचण्यात माझा जन्म गेला,
अडलं नाही.

तरी रात्री ते पान ट्यूबलाइटसमोर धरलं,
मागच्या बाजूने बघितलं.
पलीकडच्या पानाची शाई मध्ये येत होती,
पण हात दिसला.

सून म्हणाली, मामा, झोपा आता,
दिवा घालवते.
थांब, म्हटलं,
एक गाठ राहिलीय त्याची.